सहा हिरवे दिवे आणि आमची आई

ती. भाऊजींना साष्टांग नमस्कार (लेखीच, कंबर धरली आहे).

इकडे सर्व क्षेम, म्हणजे अजून उभे आहोत. ताईचा गुडघा कसा आहे? तुमचा स्वभाव कसा आहे ते विचारत नाही, त्याला औषध नाही.

पत्रास कारण तुमचे ते सेन्सर. तुम्ही आमच्या इमारतीच्या खांबांना सहा डब्या चिकटवून गेलात, नि सांगून गेलात की खांब हलला, तडा वाढला की डबीला कळतं. हिरवा दिवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे घर सोडा. झालं! तुमची पाठ वळते न वळते तोच सगळे लाल. (तुम्ही फोनवर म्हणालात, गोंद सुकेपर्यंत असं होतं. धन्य!) पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरचे पेशंट जिन्यातूनच परत फिरू लागले. मग सोसायटीची सभा. अध्यक्ष आमचे निवृत्त हेडमास्तर. ते म्हणाले, पोरगं एका शाळेत नापास होत असेल तर शाळा बदलावी. टाळ्या पडल्या, आणि सहाही डब्या उपटून फाटकाजवळच्या कोऱ्या खांबाला चिकटवल्या, ज्याच्या डोक्यावर स्कूटरींच्या पत्र्याखेरीज काही नाही. शिडी मी धरली (सेक्रेटरी म्हणजे बिनपगारी हमाल). लगेच सगळे हिरवे! वर तुम्ही आईला फोन करून म्हणालात, बघा, माझं यंत्र चुकत नाही.

तिथेच घोळ झाला. आता आमच्या न्हाणीघराचं दार लागत नाही, आणि आईच्या खोलीतला तडा एवढा रुंदावलाय की ती त्यात चष्मा ठेवते. हेडमास्तर हवापालटाला लेकीकडे पळाले, डॉक्टर खुर्चीसकट गेला. आमचं सामान बायकोच्या माहेरी पोचलं. आई मात्र ढिम्म हलत नाही; म्हणते, जावयाचे दिवे हिरवे आहेत ना. डब्यांचं खरं सांगितलं, तर म्हणाली, तुला सासुरवाडीला लोळायचंय म्हणून जावयावर बालंट घेतोस. भीती वाटते हो, भाऊजी. मी तिच्या दाराशीच अंथरूण टाकतो.

तुमचा लटपटता मेहुणा

ता. क. तिला फोन करून एवढंच म्हणा, की तुमचं यंत्र चुकलं. या वाक्याची सवय नसेल, तर आधी ताईसमोर म्हणून बघा (ती शेजारपाजार गोळा करील).

ता. ता. क. चष्मा तड्यात आत पडला, म्हणून हे पत्र आईला मलाच वाचून दाखवावं लागलं. ती म्हणते, जावई चुकलो म्हणाला, तर घर काय, गावसुद्धा सोडते. तिची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. म्हणा हो, भाऊजी.