मनोजच्या जीपचं पाणी

३ नोव्हेंबर, सोमवार
मनोजची जीप आज तिसऱ्यांदा आली. तीच तक्रार — रेडिएटरचं पाणी, कूलंट, कमी होतंय. चार दिवसांत बोटभर. खाली जमिनीवर थेंब नाही. समोरचे पाइप कोरडे. ऑइल स्वच्छ. धूरही साधाच. मग पाणी जातंय कुठे? पंधरा वर्षांची गाडी, काय काय बघत बसू!

त्याची आई चिमाबाई पुढच्या सीटवर बसून होती. म्हणाली, "गाडी चढाला लागली का गोड वास येतो रं बाबा. वाळल्या मोहासारखा." मी हसलो. मला बघून शेजारच्या ढाब्यावरचे दोघंतिघंही हसले. म्हातारीने तोंड फिरवलं.

मग मनोजला सगळ्यांसमोर झापलं. "तू पाणी बघतच नाहीस. नुसती पळवतोस! गरम झाली की जागेवर थांबायचं, पाणी बघायचं. एवढं तरी करशील का?" कूलंट भरून पाठवून दिलं.

५ नोव्हेंबर, बुधवार
दिवसभर एका टेंपोच्या गिअरबॉक्समध्ये. कंबर दुखतेय.

८ नोव्हेंबर, शनिवार
मनोज भाजला.

वाडीवरच्या एका आजारी माणसाला घेऊन कर्जतला निघाला होता. चढावर इंजिनच्या गरमीचा काटा लालमध्ये गेला. तो जागेवर थांबला, बॉनेट उघडलं, रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी उसळून उजव्या हातावर आणि गळ्यावर आलं. आजारी माणसाला शेवटी कुणाच्या तरी रिक्षातून नेलं, त्यातच मनोजलाही.

मी सांगितलं तस्संच केलं त्याने. थांबला, पाणी बघितलं. आधी गार होऊ दे, तोवर झाकणाला हात लावू नको — हे मी बोललोच नव्हतो. बावीस वर्षं चौकात गॅरेज चालवतोय मी!

९ नोव्हेंबर, रविवार
जीप ओढून गॅरेजला आणली. मग कर्जतला दवाखान्यात गेलो. चिमाबाई बाहेर पायरीवर बसली होती. "आलात, बरं झालं," म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

१० नोव्हेंबर, सोमवार
बाकी कुठल्याच गाडीला हात लावला नाही.

इंजिन थंड असताना रेडिएटरला प्रेशरचा पंप लावला. पाऊण तास वाट बघितली. पंपाचा काटा जागचा हलला नाही. हेच मी पहिल्या खेपेला केलं होतं, आणि "लीक नाही" म्हणून मोकळा झालो होतो.

आज पुढे गेलो. पाणी भरलं, गाडी चालू केली, चांगली तापू दिली. बॉनेटखाली वाकलो — आणि आला. गोड वास, कूलंटचाच! म्हातारी बरोबर होती.

इंजिनच्या पाठीमागे डोकं जात नाही, म्हणून घरून बायकोचा, कमरजहाँचा, हातातला आरसा आणला. टॉर्च मारली. हीटरकडे जाणारा पाइप. त्याच्या तोंडाशी कूलंट वाळून हिरवट-पांढरी खपली धरलेली. गाडी तापली की तिथून एकेक थेंब सुटतो, तो थेट खालच्या तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर. चर्र! वाफ. जमिनीवर काय पडणार?

तो पाइप मीच बदलला होता, जूनमध्ये. पाइप नवा घातला, तो आवळून धरणारी क्लिप मात्र जुनीच परत बसवली. ताण गेलेली. नव्या क्लिपांचा डबा मागच्या फळीवर होता. उठायचा कंटाळा केला.

आज नवी लावली. चार मिनिटं लागली. चार!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
जुम्म्याची नमाज झाल्यावर दवाखान्यात गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. तिथे मनोजचा चुलतभाऊ गजा भेटायला आलेल्यांना सांगत होता, "झाकीरभाईंनी हातातली सगळी कामं टाकली आन् आपली गाडी नीट केली. असा मेस्तरी नाय मिळायचा." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कुणीतरी चहा आणून दिला.

प्यालो मी तो चहा!

१५ नोव्हेंबर, शनिवार
नाही सांगितलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
कमरजहाँने ताट तसंच उचललं आणि विचारलं, काय झालंय? सांगितलं सगळं. वाटलं होतं म्हणेल, होतं असं, कामात चूक होते. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? हात त्याचा भाजलाय." आणि भांडी घासायला गेली.

तिला सांगून हलकं वाटेल असं वाटलं होतं. उलट आता घरातही तोंड लपवावंसं वाटतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
मनोजला घरी सोडलं. गजा आला होता, त्याच्याकडून कळलं. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. स्टेअरिंग धरता येत नाही. डॉक्टर म्हणे, व्यायाम करत राहा, बघू.

गजाने जीप न्यायची का विचारलं. मी म्हटलं, नको, मीच घेऊन येतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
जीप वाडीवर नेली. मनोज ओट्यावर बसला होता. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं — पाइप, जुनी क्लिप, माझा कंटाळा. चिमाबाईसमोर.

मनोजने बँडेजकडे बघितलं. मग म्हणाला, "ठावं हाय. तुमी बसवत होता तवा टॉर्च मीच धरली होती. क्लिप जुनी दिसली मला. पन म्हटलं, झाकीरभाई बसवतायत म्हंजे चालत असंल."