यादीतला पहिला सर्व्हर

प्रिय बारके,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. आठ ओळी. तीन वर्षांत तू मला लिहिलेलं सगळ्यांत मोठं पत्र! त्यातल्या सात ओळी बाइंडिंगच्या कारखान्याच्या, म्हणजे गोंदाचा वास केसांतून जात नाही, अंगठ्याला घट्टा पडलाय, शेजारी बसणारी बाई दिवसभर जावयाचं गाऱ्हाणं सांगते वगैरे. आणि आठवी ओळ अशी की, येत्या शनिवारी मी त्या गेलेल्या ड्रायव्हरच्या बायकोच्या लॉन्ड्रीत जाणार आहे, त्यांचे पाय धरणार आहे आणि त्या काय बोलतील ते ऐकून घेणार आहे. मी जिन्यातच बसलो. वरच्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन येत होत्या, त्यांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, चपलेचा अंगठा तुटलाय. पायात बूट होते. काकू बुटांकडे बघायला लागल्या, मग माझ्याकडे, आणि गपचूप वर निघून गेल्या.

शनिवारी जाऊ नकोस. हे आधीच लिहून टाकतो, कारण मी पाल्हाळ लावणार आणि तू लहानपणापासूनच्या सवयीने अर्ध्यातच कागद बाजूला ठेवणार. का जाऊ नकोस ते सांगतो, पण मला पहिल्यापासून सांगू दे. तुला पाठ असलेल्या गोष्टीही लिहीन. उद्या हे पत्र दुसऱ्या कुणाच्या हातात पडलं तर त्याला कुणाला काही विचारायची गरज पडू नये, म्हणून.

घरचं म्हणशील तर विशेष काही नाही. आईची खोली अजून तशीच आहे, फक्त पलंग उभा करून भिंतीला लावलाय. तुझी वहिनी म्हणते, खोली भाड्याने देऊ. मी हो म्हणतो आणि विषय बदलतो. तुझा भाचा आता माझ्या खांद्याला लागतो आणि माझ्यासारखाच उद्धटपणे बोलतो. तू का येत नाहीस ते त्याने विचारणं सोडून दिलंय. आधी विचारायचा, तेव्हा बरं होतं.

तर आपलं ते ऑफिस. हॉस्पिटलच्या तळघरात, कपडे धुण्याच्या विभागाशेजारी. एसीखाली ठेवलेली बादली, दोन टेबलं, एका चाकाने लंगडणारी तुझी खुर्ची. काचेपलीकडे लिनक्सचे दोन सर्व्हर. एक लाइव्ह, म्हणजे खऱ्या पेशंटांची खरी माहिती त्याच्यावर. दुसरा टेस्ट, पहिल्याची हुबेहूब नक्कल, त्याच्यावर आपण वाट्टेल ते उद्योग करायचे, कुणाच्या केसाला धक्का लागत नाही. तू नोकरीला लागायच्या चार महिने आधी मी ब्राउझरमधून डेटाबेस सांभाळायचं ते टूल बसवलं. त्याआधी सगळं काळ्या पडद्यावर कमांड मारून चालायचं, आणि मोठ्या साहेबांना ते बघूनच घाम फुटायचा. त्यांना हवं होतं माउसने टिचकी मारून होणारं काम.

बसवताना मी काय कमी आपटलोय! कुठला वेब सर्व्हर वापरू असं ते विचारतं, तिथे स्पेसबार दाबून पर्यायापुढे चांदणी उमटवावी लागते. मी थेट एंटर मारायचो. सगळं व्यवस्थित बसलं असं सांगायचं आणि पान काही उघडायचं नाही. दोनदा काढून दोनदा बसवलं. मग मात्र मी ते असं काही बंदिस्त केलं की विचारू नकोस. नेहमीचा पत्ता बदलला, टूलच्या पासवर्डआधी वेब सर्व्हरचा वेगळा पासवर्ड लावला, आपल्या ऑफिसातली दोन मशिनं सोडून कुठूनही पान उघडणार नाही अशी सोय केली. बाहेरून चिलटसुद्धा आत येणार नाही असं साहेबांना सांगितलं, आणि ते खरंच होतं. आतल्या माणसाचा विचार मात्र मी केला नाही. आतला माणूस म्हणजे तेव्हा मी एकटाच होतो ना.

शेवटी एक फाइल लिहायची असते, त्यात सर्व्हरची यादी. मी एक नंबरला लाइव्ह लिहिला, दोन नंबरला टेस्ट. पान उघडल्यावर यातला कुठला आपोआप निवडलेला असावा, यासाठी एक ओळ असते. तिथे शून्य लिहिलं तर टूल काहीच निवडत नाही, माणसाला दरवेळी विचारतं. एक लिहिलं तर यादीतला पहिला. मी एक तसाच ठेवला, कारण माझं दिवसभराचं काम लाइव्हवर आणि माझी एक टिचकी वाचत होती. दोन्हीकडे नाव-पासवर्डही एकच ठेवला, लक्षात कोण ठेवणार म्हणून. तू आलीस तेव्हा तुझंही खातं मी तसंच उघडलं. दोन्ही पडदे एकसारखे, डेटाबेसचं नाव एक, टेबलं तीच. लाइव्हला लाल रंग देऊ या असं तू पहिल्याच आठवड्यात म्हणाली होतीस. मी म्हटलं होतं, दिवाणखाना रंगवायला आलीयेस का? तू हसलीस. मला माझ्या विनोदाचं फार कौतुक वाटलं होतं.

आता तो बुधवार. औषधांच्या अ‍ॅलर्जीची नवी यादी टेस्टवर चढवून बघायची होती, त्यासाठी तिथलं जुनं टेबल रिकामं करायचं. जेवणानंतर तू टेस्ट उघडलास. पावणेतीनला मी तुला कॅंटीनमध्ये बोलावलं, कारण आईचा रिपोर्ट आला होता आणि तो तुला तळघरात, त्या बादलीच्या टपटपीत सांगवेना. चहावर साय धरली, तू कपाला हात लावला नाहीस. अर्धा तास आपण काय बोललो ते मला आठवत नाही, पण परत जाताना तू जिन्याच्या कठड्याला धरून चालत होतीस ते आठवतं. रिकामं बसलं की ते टूल चोवीस मिनिटांनी माणसाला बाहेर काढतं. तू पान पुन्हा उघडलंस, नाव टाकलंस, पासवर्ड टाकलास, टेबल रिकामं केलंस. नक्की का, असं त्याने विचारलं. तू हो म्हणालीस.

पुढचं सगळ्या गावाला माहीत आहे. लाइव्हवरची यादी गेली. मी आदल्या दिवसाचा बॅकअप पस्तीस मिनिटांत चढवला आणि लोकांनी माझी पाठ थोपटली. पण त्या दिवशी सकाळपासून लिहिलेलं बॅकअपमध्ये नव्हतं. सगळ्या वॉर्डांना फोन केले, आजच्या नोंदी पुन्हा टाका. एका वॉर्डात तेव्हाच नर्सची पाळी बदलत होती. त्या ड्रायव्हरची नोंद सकाळी अकराची होती, अमुक इंजेक्शन चालत नाही अशी. ती कुणी पुन्हा टाकली नाही. पायाला खिळा लागला म्हणून चालत आलेला माणूस. साडेसहाला पडद्यावर रकाना कोरा दिसला, इंजेक्शन दिलं, आणि आठच्या आत तो गेला.

तू चौकशीत एकच वाक्य धरून बसलीस. मी टेस्ट उघडला होता. चारदा म्हणालीस. समितीतले ते तिघं एकमेकांकडे बघत होते. समोर बिस्किटांची बशी होती, कुणीतरी ती तुझ्याकडे सरकवली, आणि मला अजून कळत नाही की त्याला त्या वेळी ते कसं सुचलं. मग त्यांनी मला विचारलं, हे टूल आपणहून सर्व्हर बदलतं का? मी म्हणालो, नाही. सर्व्हर वापरणारा निवडतो.

बारके, मला तेव्हा माहीत होतं. ती चौकशी सोमवारी होती आणि मला शुक्रवारी सकाळीच कळलं होतं. तुला सोडवायला म्हणूनच मी लॉग, म्हणजे कोण कधी कुठल्या सर्व्हरवर शिरलं त्याच्या नोंदी, उघडले होते, शपथेवर सांगतो. तीन वाजून बावीस मिनिटांनी तुझा दुसरा लॉगिन, आणि त्यापुढे सर्व्हर नंबर एक. दुपारचा पहिला लॉगिन नंबर दोनवर. तुझं प्रत्येक अक्षर खरं होतं. तू परत आलीस तेव्हा टूलने स्वतः लाइव्ह पुढे केला, कारण मी त्याला तसं सांगून ठेवलं होतं. मग ती फाइल उघडली आणि माझ्याच हातची ती ओळ बघत बसलो. तुझ्यासाठी पुरावा शोधायला गेलो आणि सापडलो मी.

का बोललो नाही? आईचे उपचार त्याच हॉस्पिटलात माझ्या नोकरीवर चालले होते, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं नाही, पण कारण ते नव्हतं. मी घाबरलो. तो माणूस मेला होता आणि कुणाच्या तरी माथी ते मारलं जाणार होतं. माझ्या माथी नको, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. तुझ्या माथी जाईल हे मला दिसत होतं, तरी मी मूग गिळून बसलो. सख्ख्या बहिणीच्या शेजारच्या खुर्चीवर बसून. शी!

तुला काढल्यावर त्याच आठवड्यात मी एकाचं शून्य केलं, पासवर्ड वेगळे केले, लाइव्हला लाल रंग दिला. मोठे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, बहिणीच्या चुकीतून भावाने धडा घेतला. टाळ्या झाल्या. वर्षभराने विभागाचा प्रमुखही केलं मला. तुझी लंगडी खुर्ची मी टाकू दिली नाही, आणि तेही लोकांना माझं मोठं मन वाटतं.

सगळ्यांत वाईट आईचं. शेवटच्या आठवड्यात तिने माझा हात धरून सांगितलं, धाकटीच्या हातून घडलं ते घडलं, तू तिला अंतर देऊ नकोस. मी नुसती मान डोलावली. तिला त्या वेळी सांगितलं असतं तर तिने मला थोबाडीत मारली असती आणि तुला बोलावून कुशीत घेतलं असतं. तुझ्या हातून एक माणूस गेला असं समजूनच आई गेली. तू तिच्या शेवटच्या दिवशी फाटकाबाहेर उभी राहिलीस, आत्या बोलतील म्हणून आत आली नाहीस, ते मी खिडकीतून बघितलं. खाली उतरलो नाही. याची माफी मी मागत नाही, कारण ती मागायला तोंड नाही.

तुझं पत्र आलं आणि मला वाटलं, तू त्यांचे पाय धरायच्या आत आपण जाऊ. काल दुपारी रजा टाकून त्या लॉन्ड्रीत गेलो. लहानशी जागा, एक टेबल, वर तारेवर टांगलेले कोट. बाई ठेंगण्या आहेत, फळीवर उभ्या राहून इस्त्री करतात. मी जुन्या फाइलची प्रत आणि लॉगचे कागद नेले होते, जणू त्यांना त्यातलं काही कळणार होतं! सगळं सांगितलं, तुला सांगितलं तसंच, स्पेसबारपासून. त्या इस्त्री करत राहिल्या. एक शर्ट झाला, दुसरा झाला. मी वाट बघत होतो की त्या ओरडतील, काहीतरी फेकून मारतील. तिसऱ्या शर्टाची घडी घालून त्यांनी फक्त विचारलं, त्या मुलीला हे माहीत आहे का? मी म्हटलं, नाही. मग त्या पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या की, माझा माणूस गेला, तो काही तुमच्या सांगण्याने परत येत नाही. ती मुलगी जिवंत आहे. आधी तिला सांगायचं सोडून माझ्याकडे कशाला आलात? तिच्यापुढे उभं राहायची भीती वाटली म्हणून ना? मी टेबलावरचे कागद गोळा केले. मी निघताना त्या म्हणाल्या, पुन्हा या, पण येताना तिचं उत्तर घेऊन या, त्याशिवाय माझ्या दारात पाय ठेवू नका.

म्हणून हे पत्र. सही केलेला जबाब, ती फाइल आणि लॉग आज सकाळी समितीकडे आणि पोलिसांकडे दिलेत, तेव्हा आता मला पाठीशी घालायचं म्हटलंस तरी तुला जमणार नाही. सोबत माझ्या पत्त्याचं पाकीट तिकीट लावून ठेवलंय. त्यात तुला वाटेल ते घाल. शिव्या घाल, चार ओळी घाल, नाहीतर कोराच कागद घाल. जे येईल ते मी न वाचता त्यांच्या टेबलावर ठेवीन, आणि त्या मला मोठ्याने वाचून दाखवतील तेव्हा उभा राहून ऐकेन.

तुझाच अपराधी,
दादा