सोनियाला माहेरी शोधू नकोस

सांगली, रविवार

चिरंजीव स्वरूपला आईचा आशीर्वाद.

फोन तू मधेच तोडतोस, म्हणून लिहिते. मी बरी हाय. ज्या आजींना सांभाळते त्या लई गुणाच्या हायेत. गाय व्याली का? तिला पेंड वेळेवर घाल.

सोनियाला वरव्याला, तिच्या माहेरी शोधू नकोस. ती पोरीला घेऊन माझ्याकडं आलीय. आजींनी मागली खोली दिलीय. माहेरी ती दोनदा गेली, दोनदा तिच्या आईनं ओटी भरून तुझ्याकडंच लावून दिली. मग कुठं जाणार? सासूकडं आली. पाठीवरचे वळ म्या बघितले.

साडी-नारळ घेऊन न्यायला येऊ नकोस. मिटवायला चार माणसंबी आणू नकोस. तुमी पसंतीनं लगीन केलं तवा मी आडवी आले न्हाई, आता येणार. मारून बायको आपली व्हत न्हाई, स्वरूप. मी तुझ्या बापाची कधीच झाले न्हाई. तिला वाटलं तर ती फोन करंल, न्हाईतर न्हाई.

काल दूधवाल्यानं दार वाजवलं, तर पोर पळत येऊन माझ्या पदरात लपली. तुझा बाप दारात आला की तूबी असाच लपायचास.

तुझी आई,
रतन