सात नंबरचा डगला

कोतो, टोकियो
२८ सप्टेंबर २०१८

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू फोनवर काही वाचत नाहीस, म्हणून हाताने लिहितेय. चुका लाल शाईने दाखवशीलच. अमेरिकेतल्या कॉलेजच्या अर्जासोबत स्वतःबद्दल निबंध लागतो. विषय बाबांनी ठरवलाय: २०११च्या भूकंपानंतर, दहा वर्षांची असताना, मी त्यांच्यासोबत बेघर लोकांना गरम जेवण वाढलं. तसं काही घडलं नव्हतं, हे तुला माहीतच आहे. सल्लागार मॅडम म्हणाल्या की विषय उत्तम आहे, डोळ्यांत पाणी येईल असं लिही. लिहिलं. वाचून मलाच किळस आली.

आता बाबांना एक नोव्हेंबरच्या आत तुझी चिठ्ठी हवीय, की तेव्हाचे मसाले तू पुण्याहून पाठवले होतेस. मागायची लाज वाटते, तरी मागतेय.

हे वाचूनही माया उरली तर ती असू दे,
मिताली


पुणे
११ ऑक्टोबर २०१८

चि. मितालीस,
अनेक आशीर्वाद.

मसाले! माझ्या या धाकट्या भावाने जन्मात कुणाला वाढलं असेल तर ते स्वतःच्याच ताटात. भूकंपानंतर चौथ्या दिवशी तुम्ही तिघं माझ्या दारात उभे होतात आणि पाच आठवडे हलला नाहीत. शशी सोफ्यावर पाय पसरून शेजाऱ्यांना जपानी माणसाच्या धीरावर प्रवचनं द्यायचा आणि मधूनच चहा मागायचा. घाबरून पळून आला, त्याचं मला काही नाही, कुणीही पळेल. पण पळून येऊन वर वाढपी म्हणून मिरवायचं, याला माझ्याकडे जो शब्द आहे तो मी पत्रात लिहीत नाही. आणि त्या सल्लागार बाईंना म्हणावं, स्वतःच्या डोळ्यांतलं पाणी वापरा.

चिठ्ठी मिळणार नाही.

त्या दिवसांतली तू मात्र आठवतेस. दर रविवारी एक पांढरा डगला धुवून इस्त्री करायचीस, कुणी हात लावला की रडायचीस. मी तुला धोबीण म्हणून चिडवलं, पण ते काय आहे हे एकदाही विचारलं नाही. चुकलंच माझं. आता विचारते.

तुझ्या बापाला माझा नमस्कार सांगू नकोस.

तुझ्यावर जीव असलेली,
जयमालाआत्या


कोतो, टोकियो
२ नोव्हेंबर २०१८

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तो डगला शाळेचा होता. इथे वर्गात जेवण मुलंच वाढतात, आठवड्याची पाळी असते. शुक्रवारी डगला घरी न्यायचा, धुवून, इस्त्री करून सोमवारी पुढच्या मुलाला द्यायचा. भूकंप झाला तो शुक्रवार होता. रविवारी आम्ही निघालो आणि सात नंबरचा डगला माझ्या बॅगेतून पुण्याला आला. विमानतळावर मी रडले, तर बाबा म्हणाले की इथे देश बुडतोय आणि हिला कपड्याचं पडलंय. शाळेला त्यांनी मला ताप असल्याचं कळवलं.

परत आल्यावर कळलं, माझ्यानंतरच्या मुलीने आईचा एप्रन घालून आठवडाभर वाढलं होतं. मी डगला परत दिला. बाईंनी घडी पाहून इस्त्री छान केल्याबद्दल माझे आभार मानले आणि ताप उतरला का, असं विचारलं. मी हो म्हटलं. निबंधात तेच लिहिलंय मी. बाबांच्या खोटेपणावर तोंड वाकडं करताना माझंही खोटं सांगायला हवं होतं.

निबंध काल पाठवला. त्याआधी बाबांना वाचायला दिला होता. त्यांनी उभ्या-उभ्याच वाचला आणि आता लोकांना तोंड कसं दाखवू, असं विचारलं. मी म्हटलं, गेली सात वर्षं दाखवताय तसंच.

तुझ्या लाल शाईची वाट पाहणारी,
मिताली