चऱ्होलीच्या चित्रातला उजेड

प्रिय दादा,

आज तुझ्या शेवटच्या चित्राला मी ओला ब्रश लावला. ओरडू नकोस, आधी ऐक. तू असतास तर हात लावायची माझी काय बिशाद! पण वहिनी ते फाडायला निघाली होती. तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसलेय.

पुढच्या आठवड्यात तुला जाऊन वर्ष होईल. काळेवाडीहून मी चऱ्होलीला तुमच्या घरी गेले ती कार्यक्रमाचं ठरवायला. भन्तेजींना किती वाजता बोलवायचं, खीर कुणी करायची, एवढंच. वहिनी म्हणाली, "कार्यक्रम करायचाच नाही." आणि कपाटामागून चित्र ओढून माझ्यापुढं टाकलं.

"बघ तुझ्या भावाचं! नदी काळी, आभाळ काळं. कुठं म्हणून उजेड नाही. जायचं ठरवूनच बसले होते ते."

लोक काय बोलतात, तुला कसं कळणार? कंपनीनं ब्रेक देऊन कामावरून कमी केलं आणि त्याच आठवड्यात चाकणच्या रस्त्यावर तू कंटेनरखाली आलास. रस्ता ओलांडताना अपघात, असं पोलिसांनी लिहिलं. पण गल्लीतल्या बायकांचं तेवढ्यानं कुठं भागतंय! "शहाणासुरता माणूस, पायाखालचा रस्ता, एवढा मोठा कंटेनर दिसला नाही होय?" वर्षभर वहिनीच्या कानावर हेच. त्यात काम गेल्याचं तू घरात बोललाच नव्हतास. तिला ते शेजारणीकडून कळलं आणि तू गेलास त्याच सकाळी तुमचं कडाक्याचं भांडण झालं. काम नसताना रोज डबा घेऊन कुठं जात होतास रे? निदान मला तरी सांगायचंस! इतका राग येतो ना तुझा!

चित्र अर्धं आहे हे मला बघताक्षणी कळलं. पण वहिनीला कसं पटवू? रविवारी नदीच्या घाटावर चित्रं काढायला बसायचो आपण दोघंच. ती कधी आलीच नाही. हे दोघं भाऊबहीण रंग खेळतात, असंच तिला वाटायचं.

पहिल्यांदा मीही फसले होते की! तू सगळ्या कागदावर गडद रंग ओतलास तेव्हा मला वाटलं, गेलं चित्र. तू हसलास. म्हणालास, "कंपनीच्या पेंट शॉपमध्ये दिवसभर टेप लावून रंग नको ती जागा राखतो. इथं नाही राखणार. आधी सगळं बुडू दे, मग उजेड काढू." पांढरा रंग तर तू पेटीतूनच काढून टाकला होतास. ढग ओल्या रंगातच कोरड्या चिंधीनं टिपायचे. पाण्यावरची चमक मात्र रंग पूर्ण वाळल्यावर. स्वच्छ ओला ब्रश ठेवायचा, जरा थांबायचं, रंग सुटला की बनियनच्या चिंधीनं उचलून घ्यायचा. मला कुठला धीर! मी घासायचे, कागदाला लव सुटायची, आणि मग तुझी बोलणी खायचे.

आणि ते दोन निळे. एक कागदात मुरणारा, बाप आला तरी न निघणारा. दुसरा वर बसून राहणारा, पाण्यानं सुटणारा. उजेड जिथं काढायचा असेल तिथं तू हा दुसराच वापरायचास.

हे सगळं मी वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "तू भावाचीच बाजू घेणार."

म्हणून ब्रश घेतला. दादा, खरं सांगते, माझाही भरवसा नव्हता. नदीत मुरणाराच निळा असता तर? तर वहिनीचंच खरं झालं असतं आणि ते मीच तिला दाखवलं असतं.

आधी काठावर पाणी लावलं. थांबले, टिपलं. चिंधी कोरी! वहिनी म्हणाली, "बघ." मग नदीवर लावलं. थांबले, टिपलं. चिंधी निळी झाली आणि खाली पांढरी रेघ उमटली. वहिनी पुढं सरकली. "इथं?" तिनं पायरीजवळ बोट ठेवलं. तिथंही सुटला. पलीकडं ती नवी अर्धवट इमारत आहे ना, तिच्या एका खिडकीतही सुटला. तिथं अजून कुणी राहत नाही रे, तिथं कुणाचा दिवा लावणार होतास?

वहिनीनं माझ्या हातातली चिंधी घेतली. मग म्हणाली, "म्हणजे उजेड काढायला परत बसणार होते."

मी हो म्हटलं. पुढचं माझ्या ओठांवर येऊन अडकलं. चित्र रविवारचं, ब्रेक सोमवारी मिळाला. मधल्या दिवसांत तुझ्या मनात काय होतं, ते हा कागद सांगत नाही. पण ती काय दूधखुळी आहे का!

"रविवारचं आहे, माहितीये मला," ती म्हणाली. "रविवारपर्यंत तरी माझे होते ना? तेवढं राहू दे माझ्याकडं."

आणि मग रडली, दादा. वर्षात पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मीही रडले.

कार्यक्रम होणार आहे. चित्र तुझ्या फोटोशेजारी ठेवणार आहोत. उरलेला उजेड मी काढणार नाही, तो तुझा होता. आणि एक शब्द देते. तू स्वतःहून गेलास का, असं कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, मला माहीत नाही म्हणून सांगेन. पण यापुढं तो प्रश्न वहिनीपर्यंत पोचू देणार नाही. आधी माझ्याशी गाठ आहे म्हणावं.

तुझीच,
मंगल