नदीच्या अलीकडे

ट्रॉय, शनिवार, १४ जून १९८६

आज पुन्हा मी आणि अरुण आइसलँडचा नकाशा घेऊन बसलो आणि पुन्हा त्याच नदीपाशी अडलो. तिच्यावर पूल नाही. बर्फाचं पाणी दुपारी चढतं, म्हणून सकाळीच ओलांडायची, हे नवऱ्याला किती वेळा समजावायचं? रोज नवी हरकत. कधी धुकं, कधी लाव्हाचे धारदार दगड. दमले मी. शेवटी म्हटलं, "ट्रिप कॅन्सल करू या का?"

तो हळूच म्हणाला, "मला पाण्याची भीती वाटते गं. लहानपणी पुरात वाहून चाललो होतो."

एवढ्या वर्षांच्या संसारात हे आज कळावं? चिडायलाही त्राण उरलं नव्हतं. म्हटलं, "नदीपर्यंत चालू, काठावर डबा खाऊ आणि परत फिरू."

जरा वेळाने त्यानेच विचारलं, "तिकिटं कधी बुक करतेस?"