समुद्रपूरला भरलेली ओटी

बाबा, तुमच्याशी मी जिवंतपणी एवढं कधी बोलले नाही. आता बोलून उपयोग नाही हेही कळतं, पण रविवारची दुपार आहे, ऑफिसात मी एकटी आहे आणि एका जागी बसवत नाही. चारदा उठले. एकदा नळ बंद आहे का ते बघायला, एकदा उगाच फाटकापर्यंत, बाकी दोनदा कशाला ते मलाच सांगता यायचं नाही. आत स्वयंपाकघरात बायका मेथी निवडतायत, कोणीतरी मोठ्यानं हसतंय. ती मात्र मागच्या अंगणात फरशी घासून राहिली आहे. कोणी सांगितलेलं नसताना, सकाळपासून दुसऱ्यांदा. तिच्यासाठी हे लिहायला बसले की स्वतःसाठी, ते तुम्हीच ठरवा.

तुम्ही गेलात तेव्हा मी शिवणकाम शिकवत होते, हे काम त्यानंतरचं. पवनारच्या अलीकडे रस्त्यापासून जरा आत एका संस्थेचं घर आहे. जेल नाही. भिंत नाही, मेंदीचं कुंपण आहे. शिक्षेचं शेवटचं वर्ष उरलेल्या, वागणूक चांगली असलेल्या बायकांना इथं राहू देतात. दिवसा त्या शेतात नाहीतर कोणाच्या स्वयंपाकाला जातात आणि सहाच्या आत परत येतात. नियम मोडला की उरलेले दिवस पुन्हा जेलात. त्यांना बाहेरच्या जगाची सवय लावायची हे माझं काम. बसमध्ये चढवायचं, मोबाइल शिकवायचा, दवाखान्यात न्यायचं, रडल्या तर ऐकायचं, आणि वहीत लिहायचं की कोण गेलं, कुठं गेलं, सोबत कोण. ही नोकरी धरली तेव्हा आत्या म्हणाली, "जेलच्या शिपायाची पोरगी, शेवटी जेलातच गेली पाह्य." मी तिच्याशी जाम भांडले. तुमच्यासारखी मी नाही, असं सगळ्यांसमोर म्हणाले.

तर ही बाई. बारा वर्षं आत काढली. नवऱ्याला मारलं तिनं. काऊन मारलं ते फाइलीत आहे, मला ते इथं लिहायचं नाही. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती, मामाकडे वाढली, आता समुद्रपूरला किराणा दुकानवाल्याच्या घरी दिली आहे. सासरच्यांना सगळं माहीत आहे, पण त्या घरात तो विषय कोणी काढत नाही. मुलीला सातवा महिना लागला तसा आईला फोन आला, शुक्रवारी ओटी भरणार आहेत म्हणून. त्या संध्याकाळी ती माझ्या ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं जायची परवानगी मागेल. अर्ज लिहायला मी पेनही काढला, कारण तिचा दीर समुद्रपूरलाच राहतो आणि परवानगीशिवाय त्या तालुक्यात तिला पाय ठेवता येत नाही.

ती म्हणाली, "मॅडम, माह्या हातानं तं चालत नाई. माह्या कपाळी कुकू नाई. तुमी भरा ना माह्या पोरीची ओटी."

"अवं, मी कोण तिची?"

"कोनीच नाई. म्हनून तं म्हनतो. तिच्या माहेरचं कोनीतरी पाह्यजे. मामी येत नाई म्हनते."

अर्ज पाठवला, उत्तर आलं नाही. परवानगी देणारे वर्ध्याचे साहेब सुटीवर होते. गुरुवारी संध्याकाळी तिनं ट्रंकेतून हिरवी साडी काढून दाखवली. जेलातल्या शिवणाच्या कामाच्या पैशातून घेतलेली, घडीही मोडलेली नव्हती. तेवढं पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. शुक्रवारी सकाळी मी वहीत लिहिलं, दवाखाना, सोबत मी. माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं. आणि आम्ही दोघी समुद्रपूरच्या बसमध्ये बसलो. सगळ्या रस्त्यानं ती खिडकीबाहेर कापूस वेचणाऱ्या बायका मोजत होती आणि मी आतून घाबरलेली असूनही गंमत वाटत असल्यासारखी हसत होते.

स्टँडवर तिला बाकावर बसवून मी खण आणि नारळ घ्यायला दुकानात गेले. दहा मिनिटं असतील. तेवढ्यात दिरानं तिला पाहिलं. ती एकटी होती, हे लक्षात ठेवा. मला ते मंगळवारी कळलं.

मुलीच्या घरी ओसरीत पाट मांडला होता, बायका जमल्या होत्या. सासूनं विचारलं, "तुमी कोन?" माझ्या तोंडून पटकन निघालं, "मावशी." मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी तिला हळदीकुंकू लावलं, साडी, खण, गहू, हळकुंड, सुपारी, खारीक, नारळ, एकेक करून तिच्या पदरात घातलं. मुलगी मावशी मावशी म्हणत होती. सासूनं मला पुढं बसवलं, चहा दिला, पाय दुखतात का विचारलं. मला मूल नाही हे तुम्हाला माहीत आहे, त्याबद्दल तुम्ही मला कधी एक शब्द विचारला नाही हेही मला माहीत आहे. त्या ओसरीत मला इतकं बरं वाटलं बाबा, की मी अर्धा तास मागं वळून पाहिलं नाही. ती दारात उभी होती. दार सताड उघडं होतं. मुलगी दोनदा म्हणाली, "आई, अंदर ये ना." ती हलली नाही. मुलीला वाटलं, आईलाच यायचं नाही. बारा वर्षं कोणीतरी चला म्हटल्याशिवाय दारातून पाऊल टाकायचं नाही ही तिची सवय मोडलेली नाही, हे त्या घरात एकट्या मला माहीत होतं. रोज जेवायच्या वेळी मीच तिला आत घेते. एक शब्द म्हणायचा होता, या. नाही म्हटला. ती आत आली असती तर मग मावशी कोण उरली असती?

मंगळवारी साहेब आले. दिराची तक्रार आली होती. त्यांनी तिला ऑफिसात बोलावलं, मी फाइल घेऊन शेजारी उभी. मी तोंड उघडायच्या आधी ती बोलून मोकळी झाली, "दवाखान्यातून मीच पळून गेलती, साहेब. मॅडमले मालूम नाई. पोरीले पाहून वापस आली." साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही कुठं होता?" आणि मी म्हणाले, "औषधाच्या लायनीत." एवढं सरळ म्हणाले की मलाच क्षणभर ती लाइन दिसली. साहेबांनी मान हलवली. आता सोमवारी सकाळी अकराला माझा लेखी जबाब द्यायचा आहे. तोंडी बोलले तेच लिहून दिलं तर ती त्याच दिवशी परत आत. खरं लिहिलं तर नेणारी मी म्हणून ती वाचेल, पण माझी नोकरी जाईल, कदाचित आणखीही काही होईल, या वयात दुसरीकडे कोण ठेवतं?

त्या दिवसापासून तुम्ही माझ्या डोक्यात आहात. आपल्या क्वार्टरच्या मागं जेलची शेती होती. तिथं कैद्यांवर नजर ठेवायला एक जुना कैदीच नेमलेला असे. उंच, कान सुपाएवढे मोठे म्हणून आम्ही पोरं त्याला हसायचो, पण मी त्याला काका म्हणायची. तुम्हीही हसायचात. मग एका दिवसापासून नाही. मी कुंपणातून हाक मारली तर तुम्ही मला ओढत घरात आणलं आणि थोबाडीत मारली. "कोन काका? कोनाचा काका? बंदी हाय तो!" मी नऊ वर्षांची होते. तुम्ही न जेवताच परत बाहेर निघून गेलात, आणि मला वाटलं की रागानं.

आईनं खरं सांगितलं ते तुमच्या तेराव्यानंतर. त्या थोबाडीच्या काही दिवस आधी मला ताप होता म्हणून भर दुपारी तुम्ही शेतावरची ड्यूटी सोडून घरी आला होतात, सगळ्यांना त्या माणसाच्या भरवशावर टाकून. तेवढ्यात एक कैदी पळाला, दुसऱ्या दिवशी सापडला. चौकशीत तो माणूस म्हणाला, शिपाई इथंच होते, माझीच नजर चुकली. त्याची सुटका लांबली. तुम्ही काही बोलला नाहीत. पुढं पेन्शन मिळाली, माझं कॉलेज झालं, लग्न झालं. आई सांगत होती आणि मी ऐकत होते, आणि माझ्या मनात एकच, किती भेकड माणूस! वर्षानुवर्षं मी तुम्हाला त्या एका शब्दानं ओळखलं. फोटोला हार घालतानाही.

आता विचारायचं आहे ते हे. जेवण जात होतं का तुम्हाला? त्याच्यासमोरून रोज ड्यूटीला जाताना तुम्ही कुठं पाहत होतात? त्यानं कधी काही म्हटलं का? कारण ही म्हणते. काल डाळ वाढताना हळूच म्हणाली, "मॅडम, तुमी काऊन जीव जाळता? मले तिथली सवय हाय. तुमाले नाई जमनार." ऐकल्याबरोबर मला हायसं वाटलं. खरंच वाटलं, बाबा, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं. मी ताटातली भाकर संपवली, वर आणखी अर्धी घेतली. आणि हात धुताना माझी मलाच शिसारी आली.

आता जबाब लिहून झाला आहे. खरा. वहीतली नोंद माझी, नेलं मी, दवाखान्यात आम्ही गेलोच नव्हतो. तीन ओळींत आटोपलं, एवढंच होतं ते. हे पत्र मात्र कुठं जायचं नाही, फाडून चुलीत घालीन. सोमवारची वाट न पाहता मी आता वर्ध्याची बस पकडते आहे. रविवार आहे, साहेब घरीच असतील, झोपमोड झाली म्हणून ओरडले तर ओरडू दे. मी फार धीराची आहे म्हणून निघालेली नाही. उद्या अकरापर्यंत थांबले तर हा कागद माझ्याच्यानं दिला जायचा नाही. तुमचीच मुलगी आहे मी.